कागदाची घडी आणि ज्ञानाचीं चार दालनें

आजच्या भाषणासाठीं आपणांस थोडी सामग्री जुळवावी लागणार आहे. ती फार नाहीं. एक कागद पुरे. मुलाच्या वहीचें पान चालेल, आलेल्या पत्राची कोरी पाठ चालेल, वाण्याच्या पुडीचा कागद असला तरी हरकत नाहीं. हा कागद मधोमध दुमडा; झालेली पट्टी पुन्हा एकदां आडवी दुमडा, म्हणजे रुमालासारखी चौघडी होईल. आतां ती उलगडून पाहा. कागदाच्या मध्यबिंदूपासून चार दिशांना चार रेघा गेलेल्या दिसतील. त्यांतील कांहीं आपल्याकडे उंचावलेल्या असतील, डोंगराच्या माथ्यासारख्या. कांहीं आंत खोल गेलेल्या असतील, दरीसारख्या. मोजून पाहा. तीन एका जातीच्या आणि एक दुसऱ्या जातीची, असाच हिशेब निघेल. दोन-दोन अशी सारखी वांटणी कधींच व्हायची नाहीं.

हा योगायोग नव्हे. कागद कितीही गुंतागुंतीनें दुमडला, तरी तो शेवटीं सपाट बसत असेल, तर त्याच्या आंतल्या भागांत जेथें जेथें रेघा एकत्र मिळतात तेथें डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येंत बरोबर दोहोंचाच फरक असतो. शिवाय त्या बिंदूभोंवतीं जे कोन होतात ते एक सोडून एक घेऊन मिळवले, तर बेरीज नेहमीं १८० अंश येते. हे दोन नियम आज मायेकावा आणि कावासाकी या दोन जपानी संशोधकांच्या नांवांनीं ओळखले जातात. हजारों वर्षें माणसें वस्त्रें, पानें आणि कागद दुमडीत आलीं. पण या रोजच्या कृतींत इतका सरळ नियम दडलेला आहे, याची पद्धतशीर वाच्यता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाली.

हें असें कां व्हावें, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. ज्ञानाचीं दालनें आपण वेगवेगळीं बांधून ठेवलीं आहेत. एकांत गणित, दुसऱ्यांत शिक्षणशास्त्र, तिसऱ्यांत रचनाकला आणि चौथ्यांत यंत्रें व औषधें करणारें उपयोजित शास्त्र. कागदाची घडी मात्र या चारहि दालनांतून कोणाची परवानगी न घेतां हिंडून आली. तिच्या मागोमाग आपणहि जाऊं.

प्रारंभ १८३७ सालापासून करूं. त्या वर्षीं युरोपांत दोन गोष्टी घडल्या आणि त्या वेळीं त्यांचा एकमेकींशीं कांहींहि संबंध नव्हता. पहिली गोष्ट फ्रान्समधली. प्राचीन ग्रीक लोकांनीं भूमितीचीं कांहीं कोडीं मागें ठेवलीं होतीं. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन कोणत्याहि कोनाचे तीन समान भाग करावे, हें एक; आणि दिलेल्या घनाच्या बरोबर दुप्पट आकारमानाचा घन करावा, हें दुसरें. दोन हजार वर्षें विद्वानांनीं डोकीं शिणवलीं. १८३७ सालीं पिएर व्हान्त्सेल नांवाच्या ऐन तारुण्यांतल्या फ्रेंच गणितज्ञानें सिद्ध करून दाखवलें कीं पट्टी आणि कंपास यांनीं हीं दोन्ही कामें होणें अशक्य आहे. कुशलता कमी पडते म्हणून नव्हे, तर त्या साधनांच्या अंगींच तें सामर्थ्य नाहीं म्हणून. एक दार कायमचें बंद झालें.

दुसरी गोष्ट जर्मनींतली. ब्लांकेनबुर्ग या लहानशा गांवीं फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकानें त्याच १८३७ सालीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली. तिलाच पुढें १८४० सालीं त्यानें ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. मूल खेळांतून शिकतें आणि हात कामांत असतांना बुद्धि जागी होते, ही त्याची श्रद्धा. त्यासाठीं त्यानें लोकरीचे चेंडू, लांकडाचे ठोकळे अशी साधनें क्रमानें आंखून दिलीं. त्यांच्या जोडीला जे हातउद्योग होते त्यांत कागदाच्या घड्याहि होत्या. गणिताच्या दालनांत जें दार बंद झालें त्याची किल्ली बालशाळेच्या खेळण्यांत पडलेली असेल, हें त्या वर्षीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

यानंतरचा दुवा आपल्या देशांतला आहे. मद्रास इलाख्यांत टी. सुंदर राव या नांवाचे एक सरकारी नोकर होते. गणिताची त्यांना मनापासून आवड. किंडरगार्टनच्या साहित्यांतील आठव्या संचांत दोनशें रंगीत चौकोनी कागद आणि ते दुमडण्याच्या सूचना असत. हा संच पाहून त्यांच्या मनांत आलें कीं मुलांच्या या कागदांतून सगळी भूमिति कां शिकवूं नये? १८९३ सालीं त्यांनीं मद्रास येथें ‘कागदाच्या घड्यांतून भूमितीचे पाठ’ अशा अर्थाच्या नांवाचें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. चौरसापासून आरंभ करून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, श्रेढी आणि पुढें अन्वस्तासारखे वक्र इथपर्यंत सारें त्यांत कागद दुमडून दाखवलें आहे. जर्मनीचे थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांच्या हातीं तें पुस्तक पडलें आणि भूमितीच्या प्रसिद्ध प्रश्नांवरील १८९५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्याचा उल्लेख केला. त्यामुळें अमेरिकेंतील दोन अध्यापकांचें लक्ष तिकडे गेलें आणि १९०१ सालीं शिकागो येथें त्याची नवी आवृत्ति निघाली. बालशाळेचा खेळ असा एका हौशी माणसाच्या हातून विश्वविद्यालयांत पोंचला.

परंतु सुंदर रावांची एक समजूत चुकीची ठरली. घड्या घालून घनमूळ काढतां येणार नाहीं, असें त्यांना वाटत होतें. कोनाचे तीन भागहि त्यांनीं अदमासानेंच करून दाखवले. मला या चुकीबद्दल त्यांचा दोष काढावयाचा नाहीं, कारण ती फार बोधप्रद आहे. पट्टी आणि कंपास जें करूं शकतात तें कागदहि करतो कीं नाहीं, हें ते पाहत होते. नव्या साधनाला त्यांनीं जुन्या साधनाच्या मापानें मोजलें. कागद स्वतःच्या अंगच्या गुणानें आणखी काय करूं शकेल, हा प्रश्न विचारला जावयाचा होता.

तो विचारला एका बाईनें. इटलींतील फेरारा या गांवीं मार्गेरीता पियात्सोल्ला बेलोक नांवाच्या गणिताच्या अध्यापिका होत्या. क्ष-किरणांनीं घेतलेल्या छायाचित्रांवरून वस्तूचीं मापें कशीं काढावीं, यावरहि त्यांनीं काम केलें होतें. म्हणजे उपयोजित शास्त्राचें दालन त्यांना परकें नव्हतें. १९३६ सालीं त्यांनीं एका इटालियन गणितविषयक नियतकालिकांत दाखवून दिलें कीं एका विशिष्ट प्रकारच्या घडीनें त्रिघाती समीकरण सोडवतां येतें. त्रिघाती समीकरण सुटलें कीं घनमूळ सुटलें आणि कोनाचे तीन भागहि सुटले. व्हान्त्सेलनें सिद्ध केलेलें खोटें ठरलें नाहीं. पट्टी-कंपासाला तें दार आजहि बंदच आहे. मात्र कागदाला तें उघडें होतें.

यावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. आपण स्वतःच करून पाहा. एक चौरस कागद टेबलावर ठेवा. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यास अ म्हणूं. अ पासून वर उजवीकडे जाणारी एक तिरपी घडी घाला. ती पंचेचाळीस अंशांहून अधिक उभी असावी. खालची कड आणि ही तिरपी रेघ यांमधील कोनाचे आपणांस तीन भाग करावयाचे आहेत. आतां कागदाच्या मध्यावर एक आडवी घडी घाला. ती डाव्या कडेस जेथें मिळते त्या बिंदूस क म्हणूं. मग खालची कड उचलून या आडव्या रेघेवर टेकवा, म्हणजे दोहोंच्या बरोबर मध्यें दुसरी आडवी रेघ पडेल. तिच्या डाव्या टोंकास ब म्हणूं. डाव्या कडेवर खालून वर अ, ब आणि क असे सारख्या अंतरांवर तीन बिंदु झाले.

आतां मुख्य घडी. खालचा कोपरा उचला आणि कागद असा सरकवा कीं अ हा बिंदु खालच्या आडव्या रेघेवर पडावा आणि त्याच क्षणीं क हा बिंदु तिरप्या रेघेवर पडावा. थोडें मागेंपुढें करावें लागेल. दोन्ही जुळले कीं घडी दाबा, आणि अ व ब हे जेथें जाऊन पडले तेथें पेन्सिलीनें खुणा करा. कागद उलगडा आणि मूळच्या कोपऱ्यापासून या दोन खुणांकडे रेघा ओढा. कोनाचे तीन समान भाग झालेले दिसतील. अ जेथें पडला तेथून खालच्या कडेवर लंब टाकला, तर कोपऱ्याशीं पंख्यासारखे एकास एक लागून तीन काटकोन त्रिकोण तयार होतात, आणि ते तिन्ही अगदीं सारखे असतात. सिद्धता इतकीच आहे. ही सुंदर रीति जपानचे हिसाशी आबे यांची असून ती १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

कंपासाला जें जमलें नाहीं तें घडीला कसें जमलें? एक बिंदु एका रेघेवर आणून अनेक घड्या घातल्या, तर त्या साऱ्या घड्या मिळून एका अन्वस्ताला, म्हणजे उंच फेंकलेल्या चेंडूच्या मार्गासारख्या वक्राला, स्पर्श करतात. वहीच्या पानाच्या तळाशीं असलेल्या कडेच्या जरा वर एक ठिपका काढा, ती कड वेगवेगळ्या जागीं त्या ठिपक्यावर आणून वीस-पंचवीस घड्या घाला. वक्र आपोआप उमटलेला दिसेल. आपल्या मुख्य घडींत आपण दोन बिंदु दोन रेघांवर एकाच वेळीं बसवले. म्हणजे दोन निरनिराळ्या अन्वस्तांना एकदम स्पर्श करणारी रेघ आपण हातानें शोधून काढली, आणि ती गणितानें काढूं गेल्यास त्रिघाती समीकरण सोडवावें लागतें. आपल्या बोटांनीं हें समीकरण सोडवलें. बोटांना त्याचें नांव ठाऊक नव्हतें इतकेंच.

बेलोकबाईंचा हा शोध पुढें जवळजवळ पन्नास वर्षें थोड्यांनाच ठाऊक राहिला. गणितज्ञांना तो खेळण्याचा विषय वाटला असेल, आणि कागद दुमडणारे कलावंत इटालियन गणित वाचीत नव्हते. ज्ञान जाळल्यानेंच नष्ट होतें असें नाहीं. एका दालनांतला माणूस दुसऱ्या दालनांत डोकावत नाहीं, एवढ्यानेंहि तें हरवतें. ओरिगामीच्या शास्त्रावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८९ सालीं भरली, ती बेलोकबाईंच्या फेरारा गांवींच.

या अवधींत जपानांत रचनाकलेच्या अंगानें दुसरें काम चाललें होतें. अकिरा योशिझावा हे एका कारखान्यांत कामगार होते. पुढें नवशिक्या कामगारांना भूमिति शिकवण्याचें काम त्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांनीं घरच्या परंपरेंतल्या कागदी घड्यांचा उपयोग केला. त्यांनीं घड्यांसाठीं तुटक रेघा, बाण आणि चिन्हें यांची एक लिपि बसवली. १९५४ सालच्या त्यांच्या पुस्तकांतून ती लोकांपुढें आली. गाण्याला जसें स्वरलेखन, तशी ही घडीची लिपि. त्यापूर्वीं घडी एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे प्रत्यक्ष पाहूनच जात असे. लिपि झाल्यावर टोकियोंत घातलेली घडी न्यूयॉर्कमध्यें जशीच्या तशी घालतां येऊं लागली, आणि जी गोष्ट लिहितां येते तिचें गणितहि करतां येतें.

आतां चौथें दालन. आपण प्रवासाचा नकाशा उघडतां, तेव्हां पहिलें उघडणें सोपें जातें. पण परत मिटतांना कोणती घडी आधीं आणि कोणती मागून हें आठवत नाहीं, आणि चार घड्या जेथें एकत्र येतात तेथें कागद लवकर फाटतो. जपानचे अंतरिक्ष-यंत्रज्ञ कोर्यो मिउरा यांनीं या नित्याच्या त्रासावर उपाय शोधला. पातळ पत्रा दाबला असतां तो कसा सुरकुततो, याचा ते अभ्यास करीत होते. सुरकुत्यांत त्यांना एक सुसंगत नक्षी आढळली. नेहमींच्या उभ्या सरळ घड्यांऐवजीं किंचित् तिरप्या, नागमोडी घड्या घातल्या, म्हणजे सारा कागद समांतरभुज चौकोनांचा झाला, तर समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढतांच तो एकदम सर्व बाजूंनीं उघडतो आणि ढकलतांच एकदम मिटतो. कोणती घडी आधीं, हा प्रश्नच उरत नाहीं. शिवाय घड्या एकमेकींवर तंतोतंत न पडल्यामुळें कोपऱ्यांवरचा ताणहि कमी होतो.

अंतरिक्षांत जाणाऱ्या यंत्राची अडचण नकाशासारखीच असते. सूर्यप्रकाशापासून वीज घेणारे तावदान मोठें पाहिजे, पण अग्निबाणाच्या पोटांत जागा थोडी; आणि वर गेल्यावर तें उघडावयास कोणी मनुष्य नाहीं. १९९५ सालच्या मार्चमध्यें जपाननें पाठवलेल्या एका उपग्रहावर मिउरांच्या घडीनें मिटलेलें तावदान अंतरिक्षांत उघडून पाहण्यांत आलें; तो उपग्रह १९९६ च्या जानेवारींत अमेरिकन अंतरिक्षयानानें परत आणला. २०२१ सालच्या २५ डिसेंबरला निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीपुढेंहि हाच प्रश्न होता. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंदीचा आणि अग्निबाणाचें डोकें त्याहून अरुंद. म्हणून आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा करून त्याच्या दोन बाजू दाराच्या फळ्यांप्रमाणें मिटाव्या लागल्या.

अंतरिक्षांतून आपण शरीरांत उतरूं. अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठीं वैद्य तिच्यांत एक बारीक नळी बसवतात. ती आंत नेतांना लहान आणि जागेवर पोंचल्यावर मोठी झाली पाहिजे. मुलें कागदाचा फुगणारा चेंडू करतात, त्याच्या घडीवरून ऑक्सफर्डच्या झोंग यू आणि काओरी कुरिबायाशी या संशोधकांनीं अशा नळीचा एक नमुना २००३ सालीं तयार केला. खेळण्याची घडी काळजाच्या धमनीपर्यंत पोंचण्याची वाट अशी निघाली.

आणि मग ती मुलांकडे परत आली. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विश्वविद्यालयाचे प्राध्यापक मनु प्रकाश यांनीं, जे आपल्या कानपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेंत शिकले, सहकाऱ्यांसमवेत कागद दुमडून करावयाचा सूक्ष्मदर्शक तयार केला. ‘फोल्डस्कोप’ या नांवाच्या त्या सूक्ष्मदर्शकाची माहिती २०१४ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्याच्या साहित्याचा खर्च त्या वेळीं एका डॉलरहूनहि कमी येत असे. कानपूरच्याच संस्थेंतून निघालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुकांतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत बरींच वर्षें होते. टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून त्यांतून विज्ञान कसें शिकवावें, हें त्यांनीं मराठी मुलांना आणि शिक्षकांना हातांनीं करून दाखवलें. फ्रोबेलच्या बागेंतलें रोप आपल्या अंगणांतहि रुजलें आहे.

सर्व कोडीं सुटलीं असें मात्र नाहीं. एका बिंदूपुरते डोंगर-दऱ्यांचे नियम सोपे आहेत, हें आपण आरंभींच पाहिलें. पण रेघांनीं भरलेला पुरा कागद देऊन हा सपाट दुमडेल कीं नाहीं असें विचारलें, तर तो प्रश्न गणनयंत्रालाहि अत्यंत जड आहे, असें बर्न आणि हेज यांनीं १९९६ सालीं सिद्ध केलें. जागोजागचे नियम पाळूनहि सगळ्याची घडी बसेलच असें नाहीं. संसाराचा अनुभव घेतलेल्या श्रोत्यांना हें निराळें सांगावयास नको.

शेवटीं एक विचार आपणांपुढें ठेवतों. संशोधनाला पैसा देणारे आणि मुलांना शिकवणारे, दोघेहि एकच प्रश्न आरंभींच विचारतात: याचा उपयोग काय? १८९३ सालीं सुंदर रावांना, १९३६ सालीं बेलोकबाईंना हा प्रश्न विचारला असता, तर उपग्रहाचें किंवा धमनीचें उत्तर त्यांना देतां आलें नसतें. त्यांच्यापाशीं फक्त एक निर्मळ जिज्ञासा आणि एक कागद होता. उपयोग मागाहून आला, दुसऱ्याच्या दालनांत आला, आणि पुष्कळदां फार उशिरां आला. तो उशीर दालनांमधल्या भिंतींमुळें झाला होता.

आपल्या घरींहि अशी एक भिंत असते. मूल कागदाची होडी करीत बसलें कीं आपण म्हणतों, खेळ पुरे, आतां अभ्यास. भाषण संपल्यावर आपल्या हातांतला तो त्रिभागलेला कोन घरांतील मुलाला दाखवा. पण रीत लगेच सांगूं नका. कोरा कागद त्याच्या हातीं द्या, आणि कंपासाला न जमणारें काम या कागदाला कसें जमलें, एवढेंच त्याला विचारा. त्याला उत्तर सांपडेपर्यंत त्या दिवशींचा अभ्यास थोडा थांबला, तरी चालेल.